लैंगिक संप्रेरके आणि झोपेची लय

इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन आणि टेस्टोस्टेरोन ही संप्रेरके केवळ प्रजननापुरती नसतात. झोप, शरीराचे तापमान आणि दिवसरात्रीची लय यांवरही त्यांचा अंमल चालतो. मेंदूच्या अधश्चेतक भागात सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. ते रोज उजेडाने जुळते, पण लैंगिक संप्रेरके ओळखणारे ग्राहीही त्यात असतात. त्याची फेरी २४ तासांहून किंचित मोठी असते. स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा काही मिनिटांनी आखूड आढळते.

वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकते. झोपेची वेळ झाल्याची खूण देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागते, म्हणून सकाळच्या क्लासला पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. कोल्हापूरच्या तालमींत याच वयाची पोरे पहाटेच आखाड्यात उतरतात. तिथे रात्री लवकर निजण्याची आणि दुपारी झोप काढण्याची शिस्त शरीरशास्त्रालाही धरून आहे, कारण टेस्टोस्टेरोन झोपेत वाढते आणि सकाळी सर्वाधिक असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली. बदाम-थंडाईचा हिशेब ठेवणाऱ्या पैलवानाने झोपेचाही ठेवायला हवा.

स्त्रियांच्या बाबतीत हे नाते जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि घरोघरी ते दुर्लक्षितच राहते. बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज सुटल्यावर, प्रोजेस्टेरोन वाढून शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढते. या संप्रेरकापासून बनणारा एक घटक मेंदूला शांत करतो, गुंगी आणतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्याची पातळी झपाट्याने घसरते. अनेकींची झोप नेमकी तेव्हाच मोडते. गरोदरपणात पाय शिवशिवून झोप न लागण्याचा त्रास वाढतो. शरीरात लोह कमी असणे हे त्याचे एक कारण.

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन खाली येते आणि मेंदूतले तापमान-नियंत्रण थोड्याशा बदलानेही बिथरते. रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घामाने पातळ भिजते, जाग येते. कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा. धार काढून डेअरीची वेळ गाठायला पहाटे उठणाऱ्या पन्नाशीच्या बाईला अशी मोडलेली झोप भरून काढायला सवडच मिळत नाही. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून तिची बोळवण होते, हे चूक आहे. या वयानंतर स्त्रियांत घोरणे आणि झोपेत श्वास अडणेही वाढते. त्याची तपासणी करता येते.

इचलकरंजीचे यंत्रमाग, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम, रुग्णालयांतली रात्रपाळी, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजणे, या सगळ्यांत घड्याळाला चुकीच्या वेळी उजेड मिळतो. रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांत पाळी अनियमित होण्याचे प्रमाण जास्त आढळते.

दीर्घ निद्रानाशावर झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारी विचार-वर्तन उपचारपद्धती आधी वापरतात. अंगातल्या वाफांवर संप्रेरक उपचार गुणकारी ठरतो, मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना तो सहसा देत नाहीत.