रस्त्यातला मार आणि घरातला मार

नाशिकच्या सिडकोत लहानपण गेलेल्यांना दोन घरांमधली ती एकच भिंत चांगली ठाऊक असते. पलीकडे फोडणी कशाची पडली ते कळतं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आमच्या शेजारचे काका सातपूरच्या कारखान्यातून सुटून आले, की काही रात्री आधी ताट आपटल्याचा आवाज यायचा, मग काकूंचा दबलेला हुंदका. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. आई म्हणायची, "भांड्याला भांडं लागणारच." याच बाबांनी रविवार कारंजावर एका मुलीचा हात ओढणाऱ्या पोराची गचांडी धरलेली मी पाहिली आहे. बाबा घाबरट नव्हते. म्हणून तर तो वाढवलेला टीव्ही मला अजून टोचतो.

हे कोडं अमेरिकेतल्या लान्स शॉटलंड आणि मार्गरेट स्ट्रॉ या संशोधकांनी प्रयोगात मांडलं. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. प्रश्नावली भरत बसलेल्या माणसाच्या कानावर बाहेरून भांडण यायचं. एक पुरुष एका बाईला धरून गदागदा हलवतोय, ती किंचाळतेय. दोघंही नट. काहींच्या वेळी ती ओरडायची, "सोड मला, मी तुला ओळखत नाही!" इतरांच्या वेळी, "सोड मला, तुझ्याशी लग्न का केलं कुणास ठाऊक!" 'ओळखत नाही' ऐकलेल्यांपैकी ६५ टक्के लोक मध्ये पडले. 'लग्न' ऐकलेल्यांपैकी फक्त १९ टक्के. हिसके तेच, किंकाळी तीच.

मला जास्त हादरवतं ते पुढचं. असाच प्रसंग पडद्यावर दाखवून मतं विचारली, तेव्हा 'हा तिचा नवरा आहे' असं समजणाऱ्यांना तिला असलेला धोकाच कमी वाटला, मदतीची गरजही कमी वाटली. म्हणजे आपण बघून गप्प बसतो एवढंच नाही. नातं कळलं की डोळ्यांना मारच हलका दिसतो.

आणि हा अंदाज साफ उलटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५ हजार बायका-मुलींचे खून झाले. त्यातल्या ५१ हजारांहून जास्त जणींचा जीव जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणीतरी घेतला.

दारूचंही तसंच. "प्यायल्यावर त्याला शुद्ध नसते हो, एरवी देवमाणूस आहे," हे वाक्य कुठल्या गल्लीत ऐकू येत नाही? डेबोरा रिचर्डसन आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९८० मध्ये लोकांना बायकोला झालेल्या मारहाणीची गोष्ट वाचायला दिली. नवरा प्यायलेला असला की त्याच्यावरचा ठपका हलका व्हायचा. बायको प्यायलेली असली की तिच्यावरचा वाढायचा. एकच बाटली त्याला माफी मिळवून देते आणि तिला शिक्षा. आमच्या काकांनी प्यायलेल्या अवस्थेत कधी फोरमनवर हात टाकल्याचं मात्र ऐकलं नाही.

असं का होतं, याचा एक धागा मेल्विन लर्नर यांच्या १९६६ च्या प्रयोगात सापडतो. एका मुलीला विजेचे झटके बसताना विद्यार्थिनींना दाखवलं (झटके खोटे होते). जिथे तिला सोडवणं हातात नव्हतं, तिथे बघणाऱ्या तिच्याविषयीच वाईट मत करून घेऊ लागल्या. जग न्यायाने चालतं हा विश्वास मोडण्यापेक्षा 'हिचंच काहीतरी चुकलं असेल' म्हणणं मनाला सोपं जातं. आपल्याकडे त्यासाठी म्हण तयारच आहे: टाळी एका हाताने वाजत नाही. शब्दही बघा. परका करतो ती 'मारहाण', नवरा करतो तेव्हा 'हात उचलला'. आणि नवऱ्यालाच मार बसत असेल तर आपण हसतो, त्यामुळे तोही तोंड उघडत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं समोर ठेवली होती: न सांगता बाहेर जाणं, उलट बोलणं, स्वयंपाक नीट न करणं वगैरे. यातल्या एका तरी कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य, असं ४४ टक्के पुरुष म्हणाले. आणि ४५ टक्के बायका. सर्वांत जास्त होकार मिळाला तो 'सासरच्यांचा मान न ठेवणं' या कारणाला. याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

कायदा शेजाऱ्याला परका मानत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही माहिती देऊ शकतं, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. आमच्या गल्लीत तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं.

समोरच्या घरात एक आजी होत्या. काकूंकडून आवाज सुरू झाला की त्या वाटी घेऊन निघायच्या आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवत राहायच्या. "विरजण आहे का गं थोडं?" मग आत जाऊन बसायच्या, गुडघे चोळत, तासभर. काका मान खाली घालून बाहेरच्या ओट्यावर येऊन बसायचे. तेवढी रात्र निभायची. आजींच्या फडताळात दह्याचं भांडं कायम भरलेलं असायचं.