मासा हवेत का गुदमरतो?

मासा पाण्याबाहेर काढला की तडफडून मरतो हे लहानपणापासून डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्यात काही विचित्र आहे असं वाटतच नाही. पण जरा हिशोब करून बघा. एक लिटर हवेत साधारण २१० मिली ऑक्सिजन असतो, आणि एक लिटर गोड्या पाण्यात, पाणी अगदी बर्फासारखं गार असलं तरी, जेमतेम १० मिली. तेच पाणी ३० डिग्रीला गेलं की ५-६ मिलीवर येतं, म्हणूनच उकाड्यात टाकीतले मासे वर येऊन तोंडं वासतात. म्हणजे बाहेर काढलेल्या माशाभोवती वीस पटीहून जास्त ऑक्सिजन असतो आणि त्या सुकाळात तो बिचारा गुदमरून मरतो!

कल्ल्यांवरचं झाकण उचलून कधी बघितलंय? आत लालभडक कमानी, त्यांना कंगव्यासारखे दाते, आणि प्रत्येक दात्यावर साध्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके पातळ पापुद्रे, त्या पापुद्र्यांत रक्त खेळत असतं. पाणी तोंडातनं आत येतं आणि कल्ल्यांमधनं बाहेर जातं, कायम एकाच दिशेने. आणि खरी गंमत अशी की पापुद्र्यातलं रक्त पाण्याच्या बरोब्बर उलट दिशेने वाहतं. त्यामुळे काय होतं, तर जे रक्त ऑक्सिजन घेऊन निघायच्या बेतात असतं त्याला एकदम ताजं पाणी भेटतं, आणि रिकाम्या हाताने आलेल्या रक्ताला वापरून झालेलं पाणी भेटतं, पण त्या पाण्यातही या रक्तापेक्षा थोडा जास्तच ऑक्सिजन उरलेला असतो, म्हणजे शेवटपर्यंत काही ना काही खेचून घेता येतं. काही मासे असा ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेतात. आपण २१ टक्केवाली हवा आत घेतो आणि १६ टक्केवाली बाहेर सोडतो, म्हणजे जेमतेम पाव भाग वापरला, बाकीचा तसाच परत.

मग एवढं भारी यंत्र हवेत फेल का जातं? रंगवायचा मऊ ब्रश पाण्यात बुडवा, केस मस्त सुटे होऊन पसरतात, बाहेर काढा, सगळे एकमेकांना चिकटून एक टोक होतं. कल्ल्यांचं अगदी हेच होतं. पापुद्रे एकमेकांवर बसतात, ऑक्सिजन घ्यायची जागाच उरत नाही, आणि मग हळूहळू ते सुकायलाही लागतात. याच्या उलट उदाहरणही आहे बरं का, फायटर मासा हवेतनंही श्वास घेतो, डोक्यात कल्ल्यांच्या वर त्याची वेगळी सोय असते, आणि त्याला वर येऊच दिलं नाही तर तो पाण्यात चक्क बुडून मरू शकतो.

सुकणं हा मुद्दा मात्र सगळ्यांनाच लागू आहे. ऑक्सिजन शरीरात शिरायचा तर आधी ओलाव्यात विरघळावा लागतो, आपल्याही फुप्फुसांत आतनं पाण्याचा पातळ थर असतोच. आरशासमोर तोंड नेऊन ‘हाऽ’ करा, काच धूसर होते ना, तो आतलाच ओलावा, दर श्वासाला थोडा थोडा बाहेर जातो. आपण निदान ही ओली जागा छातीत लपवून ठेवलीये. गांडुळाला तीही सोय नाही, अख्खी कातडी हेच त्याचं फुप्फुस, ती सुकली की भरपूर हवेतही खेळ खलास.

कीटकांचा कारभार तिसराच. नाकतोड्याचं नाव नाकतोडा, पण श्वासाचा नाकाशी काही संबंध नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि तिथनं निघालेल्या नळ्या फाटे फुटत फुटत थेट पेशींपर्यंत जातात. रक्ताला ऑक्सिजनची हमाली जवळपास नाहीच. शांत बसलेला नाकतोडा जवळनं बघा, पोट भात्यासारखं हलत असतं. साठलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या उलट्या लटकलेल्या दिसतात तेही यासाठीच, शेपटीकडची नळी वर हवेत आणि डोकं खाली. हाताची सावली पडली की वळवळत तळाशी जातात, पण थोड्या वेळाने वर यावंच लागतं. पाण्यावर तेलाचा थर दिला तर नळी हवेपर्यंत पोचत नाही आणि अळ्या मरतात.

पक्ष्यांबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. त्यांचं फुप्फुस फुग्यासारखं फुगत नाही, भोवतीच्या हवेच्या पिशव्या फुगतात आणि त्या फुप्फुसातनं हवा एकाच दिशेने ढकलतात, श्वास सोडतानासुद्धा ताजी हवा चालूच. हिमालय ओलांडणारा पट्टकादंब ७००० मीटरच्या वर उडताना नोंदला गेलाय, त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

आणि समुद्र काकडी, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काकडीच्या आकाराचा एक मऊ प्राणी. ही तर गुदद्वारानेच श्वास घेते, तिथनं पाणी आत ओढते आणि पोटातल्या झाडासारख्या फांद्यांमध्ये खेळवून परत बाहेर सोडते. याचा फायदा घेऊन एक बारीक सडपातळ मासा तिच्या आत राहायला जातो. तो दाराशी वाट बघत थांबतो, तिने कितीही घट्ट मिटून घेतलं तरी श्वासासाठी कधीतरी उघडावं लागतंच, आणि उघडलं की हा आत.