भाडं गेमचं की यंत्राचं?

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने एका क्लाउड गेमिंग सेवेचे महिन्याचे पैसे भरले. आवडीचा गेम शोधला, सुरू करायला गेला, तर पडद्यावर संदेश: हा गेम तुमच्या खात्यात नाही, आधी विकत घ्या. त्याने लगेच मला फोन केला. "मग मी पैसे भरले ते कशाचे?"

प्रश्न रास्त होता. क्लाउड गेमिंग या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू भाड्याने मिळतात. एका ठिकाणी यंत्र भाड्याने मिळतं, दुसऱ्या ठिकाणी गेम. बाहेरून पाहिलं तर दोन्हींचं रूप सारखंच. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्या पडद्यावर त्याचा व्हिडिओ येतो आणि तुम्ही दाबलेली बटणं उलट दिशेने सर्व्हरकडे जातात. महिन्याचा प्लॅन दोन्हीकडे असतो, जुन्या लॅपटॉपवर वा फोनवर भारी गेम खेळण्याचं आश्वासनही दोन्हीकडे. त्यामुळे गोंधळ होतो यात खेळणाऱ्याची चूक मुळीच नाही.

यंत्राच्या भाड्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स नाऊ. ही सेवा फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तुम्ही पैसे देता ते सर्व्हरमधल्या ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे गेमचं चित्र घडवणाऱ्या भागाच्या, वेळेचे. गेम तुमचा तुम्ही आणायचा: स्टीम, एपिक किंवा तशाच दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला. फुकट प्लॅनवर रांगेत थांबावं लागतं आणि एका बैठकीला एक तास मिळतो. पैसे भरले की रांग आखूड होते, बैठक लांबते, चित्र सुधारतं. त्या पैशांत गेम मात्र येत नाहीत. म्हणूनच इथे मोजमाप तासांचं असतं. २०२५ च्या जानेवारीपासून नव्या सदस्यांना महिन्याला १०० तासांची मर्यादा लागू झाली, आणि न वापरलेले १५ तासांपर्यंत पुढच्या महिन्यात नेता येतात. त्याआधी २०२४ मध्ये त्यांनी २४ तासांचा पासही आणला: मधला वर्ग ३.९९ डॉलरला, सर्वांत वरचा ७.९९ डॉलरला. मला हा पास प्रामाणिक व्यवहार वाटतो. एक दिवस ताकदवान यंत्र हवं, तर एका दिवसाचं भाडं द्या.

गेमच्या भाड्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी. सोनीने २०१२ मध्ये गायकाई ही स्ट्रीमिंग कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेतली आणि त्यातून प्लेस्टेशन नाऊ उभी केली. २०१४ मध्ये अमेरिकेत तिची खुली चाचणी सुरू झाली तेव्हा एकेक गेम ४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा ९० दिवसांसाठी भाड्याने मिळत असे. इथे सर्व्हर कुठला, त्याची ताकद किती, याच्याशी खेळणाऱ्याला काही देणंघेणं नव्हतं. किंमत त्या गेमची होती. खरी अडचण घड्याळाची होती. मुदत एकदा सुरू झाली की तुम्ही खेळा नाहीतर झोपा, ती सरतच राहायची. आणि गेम म्हणजे काही दोन तासांत संपणारा चित्रपट नव्हे. कुणाला ४० तास लागतात, कुणी तिसऱ्याच पातळीवर आठवडाभर अडकतो. किती वेळ लागेल हे आधी ठाऊक नसताना मुदत निवडायची, म्हणजे सगळी जोखीम भाडेकरूच्या माथी. माझ्या मते एकेका गेमचं भाडं मागे पडलं त्याचं मोठं कारण हेच.

जानेवारी २०१५ मध्ये सोनीने सबस्क्रिप्शन आणलं: महिन्याला १९.९९ डॉलर आणि अख्खी यादी खुली. २०१९ मध्ये ही किंमत ९.९९ वर आली, आणि २०२२ मध्ये ही सेवा प्लेस्टेशन प्लस या सोनीच्याच दुसऱ्या सबस्क्रिप्शनच्या वरच्या वर्गात विलीन झाली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये गेम पास अल्टिमेट या आपल्या गेमच्या सबस्क्रिप्शनमध्ये क्लाउडची सोय दिली, तेव्हा महिन्याला १४.९९ डॉलर पडत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते २९.९९ झाले. घड्याळाचा ताण गेला खरा, पण सबस्क्रिप्शन हेही गेमचंच भाडं आहे, फक्त घाऊक. इथे यादी कंपनी ठरवते आणि ती बदलत राहते. अर्धा खेळलेला गेम यादीतून गेला की पुढे खेळण्यासाठी तो विकत घ्यावा लागतो.

म्हणजे हातातून काय निसटू शकतं, तेही दोन्हीकडे वेगळं. फेब्रुवारी २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम प्रकाशकाने आणि पाठोपाठ बेथेस्डा या दुसऱ्या प्रकाशकाने आपले बहुतेक गेम जीफोर्स नाऊवरून काढून घेतले. खेळणारे चिडले, कारण ते गेम त्यांनी रोख पैसे मोजून घेतलेले होते. पण घेतलेला गेम त्यांच्या मूळ खात्यात शाबूत होता. स्वतःच्या संगणकावर तो चालतच होता. गेलं ते फक्त भाड्याच्या यंत्रावर तो चालवण्याचं स्वातंत्र्य. प्रकाशकाची संमती मध्ये येते, ही यंत्राच्या भाड्याची कमजोर बाजू, आणि जाहिरातीत ती क्वचितच दिसते. गेमच्या भाड्यात मात्र गेम गेला की सगळंच गेलं.

हा फरक ऑनलाइव्हच्या शेवटी सर्वांत ठसठशीत दिसला. जून २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही सेवा ३ दिवसांचं, ५ दिवसांचं भाडं देत असे आणि जवळपास दुकानाच्याच किमतीत गेमचा पूर्ण पासही विकत असे. पुढे २०१४ मध्ये तिने क्लाउडलिफ्ट नावाची वेगळी योजना आणली: तुमचे स्टीमवरचे गेम आमच्या सर्व्हरवर चालवा, महिन्याला १४.९९ डॉलर. एकाच छताखाली गेमही भाड्याने आणि यंत्रही. ३० एप्रिल २०१५ ला ऑनलाइव्ह बंद पडली. ज्यांनी पूर्ण पास घेतले होते त्यांचे गेम सेवेसोबत गेले. क्लाउडलिफ्टवाल्यांचे गेम स्टीमच्या खात्यात जसेच्या तसे राहिले. पूर्ण पासवर कितीही मोठ्या अक्षरांत 'पूर्ण' लिहिलेलं असो, ते लांब मुदतीचं भाडंच होतं.

गूगल स्टेडियानेही नेमकी हीच गल्लत पुन्हा केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा बहुतेक नवे गेम पूर्ण किमतीला विकत घ्यावे लागत आणि ते चालत फक्त स्टेडियाच्याच सर्व्हरवर. म्हणजे किंमत मालकाची आणि हक्क भाडेकरूचा. जानेवारी २०२३ मध्ये ती बंद झाली तेव्हा गूगलने गेमचे आणि यंत्रसामग्रीचे पैसे परत केले, हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवं. पण अशी भरपाई ही त्या कंपनीची मर्जी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा म्हणतो, की डिजिटल वस्तूचा केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं बटणावर लिहिता येणार नाही. स्टेडियाच्या वेळी तो असता तर कितीतरी जणांनी दोनदा विचार केला असता.

आता ही रेघही पुसट होते आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ पासून गेम पास अल्टिमेटमध्ये यादीबाहेरचे, स्वतः विकत घेतलेले काही गेमही क्लाउडवर खेळू द्यायला सुरुवात केली. उलट बाजूने, जीफोर्स नाऊवर पीसी गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या संगणकासाठीच्या सबस्क्रिप्शनमधले अनेक गेम चालतात. तसं खेळलात तर भाडी दोन: यंत्राचं एकाला, गेमचं दुसऱ्याला.

इंटरनेटचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून त्यावर फार थांबत नाही. जीफोर्स नाऊला १०८०पी, म्हणजे फुल एचडी, चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट वेग लागतो. तेवढा पूर्ण वापरला तर तासाला ११ जीबीच्या आसपास डेटा जातो. डेटावर मर्यादा असेल तर त्याचा खर्च भाड्यातच धरावा.

मावसभावाला मी एकच गोष्ट विचारली: स्टीमवर तुझे किती गेम पडून आहेत? निघाले बावीस, त्यातले निम्मे त्याच्या लॅपटॉपवर कधी उघडलेही नव्हते. त्याला यंत्रच हवं होतं. प्लॅन त्याने चुकून बरोबर घेतला होता. त्याच्या धाकट्या बहिणीकडे मात्र विकत घेतलेला एकही गेम नाही आणि तिला दर आठवड्याला काहीतरी नवं करून पाहायचं असतं. तिने यादीचं सबस्क्रिप्शन घेतलं, दोन महिने मनसोक्त खेळली आणि परीक्षा जवळ आल्यावर बंद केलं.