पांढरं नेमकं काय पडलं?

मे महिन्यात इंदूरच्या लोकमान्य नगरातून भाच्याचा फोन आला. "मामा, ॲक्झोलॉटल पांढरा पडलाय. थोडी हळद टाकू का पाण्यात?" हळद थांबवली आणि आधी टाकीत थर्मामीटर बुडवायला लावला. 31 अंश!

ॲक्झोलॉटल हा मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातल्या तळ्या-कालव्यांत राहणारा सॅलमँडर, म्हणजे शेपूट असलेला उभयचर. मोठा झाला तरी पिल्लपणीचे कल्ले डोक्यामागे तुऱ्यांसारखे मिरवतो. त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. इंदूरच्या मे महिन्याची त्याला कल्पनाच नाही.

त्याच्या कातडीत काळ्या, पिवळ्या आणि चमकदार अशा तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. काळ्या पेशीतले रंगकण पेशीभर पसरले की अंग गडद दिसतं, मधोमध गोळा झाले की फिकं. त्यामुळे गडद जातीचा प्राणी पांढऱ्या वाळूवर ठेवला तर उजळतो. तो आजार नव्हे.

पण भाच्याचा प्राणी मुळातच गुलाबीसर पांढरा. ही जातही जुनी आहे. 1864 साली पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे आलेल्या सहा ॲक्झोलॉटलांत एक पांढरा नर होता. मग पांढरं नेमकं काय पडलं? कल्ले.

कल्ल्यांचा लाल रंग म्हणजे पातळ कातडीतून दिसणारं रक्त. प्राणी निवांत असला तरी हा रंग थोडा उतरतो. म्हणून मी पुढचं विचारलं. खातो का? नाही. कल्ले पुढे वळलेत का? हो. हवा घ्यायला सारखा वर येतो? हो. मग मात्र काळजी वाटली. 18 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 31 अंशांना साडेसातच्या आतबाहेर. आणि उन्हाने शरीराची प्राणवायूची गरज उलट वाढलेली. शिवाय विष्ठेतून येणारा अमोनिया गरम पाण्यात जास्त जहाल होतो. कातडीवर लाल चट्टे दिसले तर अमोनियाचा किंवा जिवाणूंचा संशय घ्यावा, कापसासारखे पुंजके दिसले तर बुरशीचा. अशा वेळी उभयचर हाताळलेला पशुवैद्यच गाठावा. ही कातडी पाण्यातलं बरंच काही शोषून घेते, म्हणून स्वयंपाकघरातली औषधं नकोत.

भाच्याने निम्मं पाणी बदलायचं म्हटलं. मी चौथा हिस्साच सांगितला, तोही क्लोरीन काढून. टाकीवर पंखा लावला. माळव्याच्या कोरड्या हवेत हा उपाय माठासारखा चालतो, पण दोन-तीन अंशच उतरतात. पावसाळ्यात तेवढेही नाहीत. बर्फ टाकून एकदम गार करणं तर आणखी वाईट. शेवटी टाकी आजोबांच्या एसीच्या खोलीत गेली. आजोबा कुरकुरले, मग रोज दुपारी स्वतःच थर्मामीटर बघू लागले.

आठवड्याने कल्ले लाल झाले. भाच्याचा पुन्हा फोन: "मामा, आता डोक्यावर काळे ठिपके आलेत!" वय वाढतं तसे पांढऱ्या जातीला ते अनेकदा येतात, त्याला काही करायचं नाही.