उजनी ‘उणे पन्नास टक्के’ म्हणजे धरणात पाणी किती?

पावसाने ओढ दिली की पुढच्या उन्हाळ्यात उजनीच्या आकड्यामागे ‘उणे’ लागतं. २०२४ मध्ये तो उणे ५० च्याही खाली गेला होता. लगेच ‘उजनी कोरडी’ असे मथळे झळकतात. शून्यावर धरण रिकामं होत असेल, तर उणे पन्नास कशातून वजा केले, हा प्रश्न मात्र कुणी सोडवून सांगत नाही.

भीमेवरच्या या धरणाचा एकूण साठा ११७.२४ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा आणि वरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे बातमीतलं शून्य धरणाच्या तळाशी नसून ४९१.०३ मीटर पातळीवर आहे, आणि त्या शून्याखाली निम्म्याहून जास्त धरण शिल्लक असतं. उणे ५० म्हणजे मृत साठ्यातून २६.८ टीएमसी गेले. उरले जवळपास ३६.९. मृत म्हणजे न वापरता येणारं, असंही नाही. आकडा उण्यात असतानाही सोलापूरसाठी नदीत पाणी सोडलं गेलं आहे.

तरीही काठावरचा शेतकरी आणि पाणीपुरवठ्याचा अभियंता उण्याला घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. पंपाला टीएमसी कळत नाही, त्याला पातळी लागते.

धरणातलं पाणी थेट कुणीच मोजत नाही. मोजतात ती मोजपट्टीवरची पातळी, आणि त्या पातळीला साठा किती हे क्षमतेच्या तक्त्यात पाहतात. जलाशय उभ्या भिंतींच्या हौदासारखा नसतो. पसरट ताटासारखा असतो, वर रुंद आणि खाली अरुंद. उजनीत शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४९६.८३ मीटरपर्यंत, उंची अवघी ५.८ मीटर. एवढ्यात ५३.५७ टीएमसी मावतं, कारण या थरात पाण्याचा पसारा सरासरी २६० चौरस किलोमीटर आहे. एक टक्का पाणी गेलं की इथे पातळी सहा सेंटिमीटरने उतरते. खाली पसारा आक्रसतो. तो १५० चौरस किलोमीटर धरला, तर तेवढंच एक टक्का पाणी जाताना पातळी दहा सेंटिमीटर उतरेल. उपसा तेवढाच राहिला तरी पाणी उतरण्याचा वेग वाढत जातो.

फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याचा, काठ सपाट असेल तर हे दहा सेंटिमीटर फार महागात पडतात. दोनशे मीटरला एक मीटर उतार धरा: पाणी दहा सेंटिमीटर उतरलं की त्याची कड वीस मीटर मागे जाते. मोटार तेवढी पुढे न्यायची म्हणजे वीस फुटी पाइपच्या तीन-चार कांड्या, तेवढीच केबल, आणि गुडघाभर चिखलातून फूटव्हॉल्व (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची जाळीदार झडप) ओढत न्यायचा. फूटव्हॉल्ववर पुरेसं पाणी नसलं की भोवरा धरतो, भोवऱ्यातून हवा ओढली जाते आणि पंप पाणी ओढेनासा होतो. गाळात टेकला तर जाळी तुंबते.

शहराची जॅकवेल, म्हणजे जिच्यातून पंप पाणी उपसतात ती विहीर, तर हलवताच येत नाही. पाणी तिच्या तोंडाखाली गेलं की दुबार पंपिंग सुरू होतं: मागे सरकलेल्या पाण्यातून पंपाने उचलून चरीत टाकायचं, चरीतून ते जॅकवेलकडे आणायचं आणि तिथून पुन्हा उपसायचं. आणखी उतरलं की तिबार. पंपांची साखळी लांबते तसं वीजबिल वाढतं, आणि त्यातला एक पंप बंद पडला तरी शहराचं पाणी सोडण्याचं रोटेशन कोलमडतं.

यात बाष्पीभवन वेगळंच. कडक उन्हात रोज सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर २०० चौरस किलोमीटरवरून १४० कोटी लिटर जातं. उजनीहून सोलापूरला जाणाऱ्या समांतर जलवाहिनीची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटर आहे. म्हणजे ऊन आठ जलवाहिन्यांएवढं पाणी रोज नेतं.

मृग लागला की नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव याची चर्चा सुरू होते. नक्षत्रं मोजून नऊने भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचं; त्यात ना वारा येतो, ना बाष्प, ना सह्याद्री. उजनीवर लक्ष ठेवायचं तर दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून भीमेतून उजनीकडे येणारं पाणी, पाहा. जलाशयावर थेट ५० मिलिमीटर पाऊस पडला तरी २०० चौरस किलोमीटरच्या हिशेबाने पाऊण टक्काही वाढत नाही. धरण भरतं ते घाटमाथ्याच्या पावसाने, आणि तेही पुणे जिल्ह्यातली वरची धरणं भरून पाणी सोडू लागली की.

हिशेब सोपा आहे: ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी. दौंडला सलग २०,००० क्युसेक असेल तर दिवसाला १.७३ टीएमसी, म्हणजे सव्वातीन टक्के. उणे ५० वरून शून्यावर यायलाच साडेपंधरा दिवस लागतील, आणि तोवर बातमीतला आकडा उणेच राहील.