ओझ्यानं गर्भ नळीत सरकत नाही

वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या गावांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "कापसाचं गठुडं उचललं, म्हणून गर्भ नळीत सरकला." मग सासू सुनेला बोल लावते. खरं तर उलटं आहे. बीजाचं फलन मुळात गर्भनलिकेतच होतं. तिथून गर्भ काही दिवसांत गर्भाशयात पोचायचा असतो. वाट खराब असली की तो मध्येच अडकून रुजतो. गर्भाशयातला गर्भ ओझ्यानं किंवा एसटीच्या धक्क्यांनी मागे नळीत जात नाही.

वाट खराब कशानं होते? बहुतेकदा जुन्या जंतुसंसर्गानं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं असतं. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही नळ्या बिघडवतो. आधी नळीत गर्भ राहिलेला असणं, नळीवरची शस्त्रक्रिया, धूम्रपान, वाढतं वय हीसुद्धा कारणं. तांबीनं एकूण धोका वाढत नाही, उलट कमीच होतो. पण तांबी असताना किंवा नसबंदीनंतर दिवस गेलेच, तर तो गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त. "ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?" म्हणून थांबू नका. आणि जवळपास निम्म्या बायकांत यातलं काहीच सापडत नाही, तेव्हा दोष कुणाला देणार?

पाळी चुकली, ओटीपोटात एका बाजूला कळ, थोडं रक्त: सोनोग्राफी करा. खांदा दुखून चक्कर आली, तर नळी फुटलेली असू शकते. लगेच १०८ ला फोन.