गेटटेक्स्ट की गेटटेक्स्ट_लेझी: भाषांतर नेमकं कधी होतं?

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतली साइट करायला घेतली की गेटटेक्स्ट आणि गेटटेक्स्ट_लेझी ही दोन फंक्शनं समोर येतात. दोघांनाही इंग्रजी वाक्य द्यायचं, दोघांकडूनही मराठी घ्यायचं. शिवाय कोडमध्ये दोघंही एकाच नावानं वावरतात, कारण इम्पोर्ट करतानाच फंक्शनला नुसतं अंडरस्कोर हे नाव देण्याचा रिवाज आहे. व्ह्यूजमधलं (पान तयार करून देणाऱ्या कोडमधलं) अंडरस्कोर म्हणजे गेटटेक्स्ट, मॉडेल्समधलं (डेटाबेसमधल्या तक्त्यांचं वर्णन करणाऱ्या क्लासेसमधलं) म्हणजे गेटटेक्स्ट_लेझी. ओळ वाचून काहीच कळत नाही, फाइलच्या माथ्यावर जाऊन इम्पोर्ट बघावा लागतो. एका फाइलमधला कोड उचलून दुसरीत टाकला की घोळ होतो तो इथेच.

फरक आहे तो वेळेचा. गेटटेक्स्टला हाक मारली की त्या क्षणी कुठली भाषा चालू आहे ते बघून ते भाषांतर शोधतं आणि साधी स्ट्रिंग हातावर ठेवतं. व्यवहार संपला. गेटटेक्स्ट_लेझी त्या क्षणी भाषांतर करतच नाही. मूळ वाक्य सांभाळून ठेवणारी एक वस्तू ते देतं, आणि ती वस्तू पानावर छापायची वेळ आली की तेव्हाची भाषा बघून भाषांतर होतं. एक रोख रक्कम, दुसरी हुंडी. जँगोच्या कोडमध्ये अशा वस्तूंच्या मूळ क्लासचं नावही प्रॉमिस असंच आहे.

लेझी शब्द ऐकला की वाटतं, हे काम वाचवण्यासाठी, वेगासाठी असणार. इथे तसं नाही. उलट लेझी वस्तू जितक्या वेळा छापाल तितक्या वेळा भाषांतर शोधलं जातं. उशीर करायचा तो एवढ्याचसाठी, की विचारणारा कोण हे आधी माहीतच नसतं. पायथन मॉडेल्सची किंवा फॉर्म्सची फाइल एका प्रोसेसमध्ये एकदाच वाचतो आणि क्लासमधल्या ओळी तिथल्या तिथे चालवतो. भाषा मात्र प्रत्येक रिक्वेस्टला, म्हणजे ब्राउझरकडून येणाऱ्या प्रत्येक मागणीला, नव्यानं ठरते. ती ठरवणारं जँगोचं लोकेल मिडलवेअर आधी पानाच्या पत्त्यातला (यूआरएलमधला) भाषेचा भाग बघतं, मग कुकी, मग ब्राउझरनं कळवलेली पसंती, आणि काहीच नसेल तर सेटिंग्जमधला लँग्वेज_कोड, म्हणजे साइटची ठरवून दिलेली भाषा. फॉर्मच्या क्लासमध्ये लेबलाला गेटटेक्स्ट लावलं, तर फाइल वाचताना जी भाषा चालू होती तीच लेबलाला चिकटते. सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला तेच लेबल दिसतं.

यावर मी एका वाचनालयाच्या सभासद नोंदणीच्या फॉर्मपायी दीड दिवस घालवला आहे. वर मथळा मराठी, खाली ‘पाठवा’ हे बटण मराठी, आणि मधल्या चौकटींची लेबलं तेवढी इंग्रजी: फर्स्ट नेम, ॲड्रेस. भाषांतरं लिहून ठेवायची पीओ फाइल उघडली, तिथे भाषांतर होतं. पुन्हा कंपाइल केलं, फरक नाही. माझ्या लॅपटॉपवर तर सगळं मराठीत दिसत होतं. शेवटी दोन्हीकडची सेटिंग्ज शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. माझ्याकडे लँग्वेज_कोड मराठीचा होता, सर्व्हरवर अमेरिकन इंग्रजीचा. लेबलं दोन्हीकडे गोठलेलीच होती, फक्त माझ्याकडे मराठीत गोठलेली. इम्पोर्टच्या ओळीत ‘_लेझी’ जोडलं आणि प्रश्न मिटला. पण ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठीच तो फॉर्म मराठीत केला होता, आणि नेमकं त्यांनाच पत्ता कुठे लिहायचा ते कळत नव्हतं. म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

ती सापडतही नाही सहजासहजी. मेकमेसेजेस ही कमांड दोन्ही फंक्शनांतली वाक्यं सारखीच गोळा करते, त्यामुळे भाषांतरकाराच्या पीओ फाइलमध्ये फरकाचा मागमूस नसतो. ॲप्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वरच्या पातळीवर गेटटेक्स्ट वापरलं, तर जँगो ॲप रजिस्ट्री (साइटमधल्या ॲप्सची नोंद) अजून तयार नाही म्हणून थांबतो आणि इम्पोर्ट होताना लेझी नसलेलं गेटटेक्स्ट वापरलंय का ते तपासा, असं सुचवतो. मॉडेल्स आणि फॉर्म्स वाचले जाईपर्यंत ही पायरी मागे पडलेली असते, तिथे कोणी टोकत नाही.

मग सगळीकडे लेझीच का नको? कारण हुंडी म्हणजे रोकड नव्हे. लेझी वस्तूंची यादी स्ट्रिंगच्या जॉइनला दिली की स्ट्रिंगऐवजी प्रॉक्सी, म्हणजे ही लेझी वस्तू, मिळाल्याची तक्रार येते. डेटा मजकुराच्या रूपात लिहिणारं पायथनचं साधं जेसन मॉड्यूलही ती घेत नाही, म्हणून सेशनमध्ये, म्हणजे जँगो प्रत्येक पाहुण्याची माहिती सांभाळतो तिथे, ठेवायला गेलात तरी अडतं. जेसनरिस्पॉन्समध्ये मात्र चालून जातं, कारण जँगोचा स्वतःचा एन्कोडर या वस्तू ओळखतो. एफ-स्ट्रिंग, म्हणजे मजकुरात मधेच व्हेरिएबल भरू देणारी पायथनची स्ट्रिंग, सर्वांत फसवी. क्लासमध्ये लेझी लेबलापुढे तारांकन जोडायला ती वापरली की हुंडी तिथेच वटते आणि लेबल पुन्हा गोठतं, तेही एकही एरर न येता. तिथे फॉरमॅट_लेझी वापरायचं. व्ह्यूच्या आत, रिक्वेस्ट हातात असताना, साधं गेटटेक्स्टच बरं.

आकड्यांच्या वाक्यांना हाच नियम: ‘1 पुस्तक’, ‘3 पुस्तके’ असा संदेश फॉर्मच्या क्लासमध्ये असेल तर एनगेटटेक्स्ट_लेझी. जुन्या लेखांत दिसणारी यूगेटटेक्स्टसारखी नावं पायथन 2 च्या काळातली, डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या जँगो 4.0 मधून ती काढून टाकली आहेत.

कामं मागाहून, वेगळ्या प्रोसेसमध्ये करणाऱ्या सेलरीसारख्या रांगेतून जाणाऱ्या ईमेलला लेझीही पुरत नाही, कारण ती कामं करणाऱ्या वर्करकडे रिक्वेस्टच नसते. तिथे सभासदाची भाषा कामाबरोबर पाठवून, ती तेवढ्यापुरती चालू करणाऱ्या ट्रान्सलेशन.ओव्हरराइडच्या आत मजकूर तयार करावा लागतो. टेस्टमध्येही मी तेच वापरते: फॉर्म मराठीत छापायचा, लगेच त्याच प्रोसेसमध्ये इंग्रजीत छापायचा, आणि दोन्ही लेबलं वेगळी आली का ते बघायचं. गोठलेलं लेबल दोन्ही वेळा सारखंच येतं, लँग्वेज_कोड काहीही असो.